खडूच्या गाडीतला स्वयंपाक

परदेशात स्वस्तात कसं फिरावं याचं माझ्या नवऱ्याइतकं ज्ञान आमच्या अख्ख्या रांझी वस्तीत दुसऱ्या कुणाकडे नसेल, आणि त्या ज्ञानाइतका तिटकारा मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी समजूतदारपणा शिकवायला नको. लोकांसमोर मी त्याला अहो-जाहो करते, चाळीस वर्षं करत आले. इथे करणार नाही.

तो संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात होता. मी रेल्वेच्या ऑफिसात कारकून. दोघांच्याही नोकऱ्या सरकारी, त्यामुळे दर काही वर्षांनी प्रवासाचं भाडं मिळायचं आणि ते सोडायचं नाही हा आमच्या घरचा नियम होता. भाडं सरकारचं, म्हणून सासूबाई, दोन नणंदांची मुलं, कधी एखादे मामेसासरे, असा सगळा गोतावळा निघायचा. भाडं मिळायचं, जेवणाचं मिळायचं नाही. म्हणून सोबत स्टोव्ह, कुकर, तांदूळ, डाळ, तिखटाचा डबा आणि मी. रामेश्वरला समुद्र मी कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे बघून आले. पुरीला आम्ही आठ दिवस होतो, आणि मला आठवते ती धर्मशाळेच्या मागची मोरी, जिथे मी भांडी घासायची.

हिवाळ्यात ग्वारीघाटाच्या पलीकडे सगळे मिळून गक्कड-भर्ता करायला जायचो, तिथेही तेच. पुरुषमंडळी गोवऱ्यांवर गक्कड, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजणार, तासभर धूर आणि आरडाओरडा करणार, आणि पुढे वर्षभर स्वतःच्या हाताची तारीफ करणार. पीठ कुणी मळलं, डाळ कुणी शिजवली, राखेनं भांडी कुणी घासली, हे कुणी विचारायचं नाही. नर्मदेचं पाणी मी भांडी विसळायला सगळ्यात जास्त वापरलं असेल.

माझी चूक मी कबूल करते. पहिली काही वर्षं मला याचा अभिमान होता. सासूबाई चारचौघांत म्हणायच्या, 'हिच्या हातात पैसा टिकते बाप्पा.' हे ऐकून मी फुगायची आणि पुढच्या प्रवासाला दोन पुऱ्या जास्त तळायची. मीच त्याला ती सवय लावली. पण सवय लावणाऱ्याला कधीतरी ती मोडावीशीही वाटते, हे त्याला चाळीस वर्षांत सुचलं नाही.

दोघंही रिटायर झालो, घराचं कर्ज फिटलं, मुलगा पुण्याला स्थिरावला. मग एका संध्याकाळी नवऱ्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. डोंगर, निळं तळं, आणि तळ्याकाठी उभी एक पांढरी लांबडी गाडी. तिच्या आत पलंग, टेबल, संडास, सगळं. मोटरहोम म्हणतात म्हणे. ती भाड्यानं घ्यायची, स्वतः चालवायची आणि वाटेल तिथे मुक्काम करायचा. देश न्यूझीलंड.

"चलायचं?" तो म्हणाला.

खोटं कशाला सांगू, मी हरखून गेले. गाडी चालवताना त्याचा हात अजून स्थिर आहे, माझे गुडघे अजून चालतात, आणि पैसे माझेही होते. निम्मा खर्च मी माझ्या फंडातून देणार होते. मी एकच अट घातली, आणि ती पहिल्याच दिवशी घातली. "मी तिथे स्वयंपाक करणार नाही. एवढ्या वर्षांत एक प्रवास तरी मला ताटावर बसून करायचा आहे."

"हो हो, पाहू ना," तो म्हणाला. मी त्याला होकार समजले.

आमच्या गावातल्याच गोरखपूर बाजारात जाऊन मी लोकरीचा कोट आणला. आयुष्यात पहिल्यांदा किंमत न विचारता कपडा घेतला असेन. आणि इकडे नवऱ्यानं वही काढली.

त्या वहीतलं सगळं मला आता पाठ आहे. डिसेंबरात जायचं नाही, तेव्हा तिथला उन्हाळा, भाडी दुप्पट. मे महिन्यात जायचं. थंडी असते, पण थंडीला पैसे पडत नाहीत. काही गाड्या कंपनीला एका शहरातून दुसऱ्या शहरात रिकाम्या नेऊन ठेवायच्या असतात. त्या आपण नेऊन दिल्या तर भाडं नावापुरतं, फक्त ठरलेल्या दिवसांत पोचवायच्या. जाताना अशी एक गाडी, येताना दुसरी. रात्रीचा मुक्काम पैसे घेणाऱ्या जागी करायचाच नाही. ज्या गाडीत स्वतःचा संडास आहे तिला काही ठिकाणी फुकट उभं राहता येतं. अंघोळ एक दिवसाआड. गरम पाण्याला गॅस लागतो. डिझेल शहराबाहेर भरायचं नाही, तिथे महाग. हे सगळं तो कुठल्या तरी हिंदी व्हिडिओंतून शिकला होता. दिवसभर घरात तो व्हिडिओवाला ओरडत असायचा आणि हा पेन्सिल कानावर ठेवून ऐकत असायचा.

थंडी चालेल, अंघोळ नसली तरी चालेल, म्हटलं. जेवण तर बाहेर आहे.

मग एक दिवस तो गाडीचा नकाशा घेऊन आला. खास दुकानात जाऊन मोठा छापून आणला होता. मधोमध बोट ठेवून म्हणाला, "हे पाहा. दोन बर्नर, सिंक, फ्रीज. पूर्ण किचन आहे! खरी बचत तर इथंच आहे. तिकडे बाहेर खाणं म्हणजे लूट आहे नुसती."

मी म्हटलं, "मी काय म्हटलं होतं?"

"अगं, पूर्ण स्वयंपाक कोण म्हणते? खिचडी, पोहे, कधी पिठलं. तुला काय, दहा मिनिटांचं काम."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा मिनिटांचं काम! ज्यानं उभ्या जन्मात चहाचं आधण ठेवलं नाही, तो मला मिनिटं सांगत होता. तरी मी तेव्हा बेत मोडला नाही. जायची इच्छा फार होती, हे आता लिहितानाही लाज वाटते. म्हटलं, विमानात बसेपर्यंत गप्प राहू, तिथे गेल्यावर बघू.

पण मधे ट्रायल आली. ही गोष्ट आमच्या घरातच होऊ शकते, कारण त्याच्या कारखान्यात कुठलीही वस्तू ट्रायल झाल्याशिवाय गेटबाहेर जात नसे आणि आयुष्यभर त्यानं तेच केलं. नवा मिक्सर आणला तरी तीन दिवस वही घेऊन त्याची ट्रायल. "आधी ट्रायल, मग बुकिंग," त्यानं जाहीर केलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो खडू आणि फीत घेऊन गच्चीवर गेला आणि त्यानं तिथे अख्खी गाडी आखली. सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद. आत चौकटी करून त्यात लिहिलं: बिछाना, टेबल, संडास, ओटा. वरून ताडपत्री बांधली. ओट्याच्या चौकटीत लहान सिलिंडरची शेगडी, सिंकच्या जागी प्लास्टिकचं घमेलं, आणि वीस वीस लिटरचे दोन कॅन, त्यांवर मार्करनं रेघा.

तीन दिवस आम्ही त्या खडूच्या गाडीत राहायचं होतं. संडासाला खाली जायची मुभा होती, पण प्रत्येक खेप वहीत लिहायची, टाकी किती दिवसांत भरते ते कळायला हवं म्हणून.

मी गेले. वेड्यासारखी गेले. ओट्याची चौकट दोन फुटांची, तिथे पोळ्या लाटताना माझं कोपर रेघेबाहेर गेलं की खुर्चीवरून तो ओरडायचा, "भिंत! भिंत आली!" मी कोपर आत घ्यायची. शेजारच्या गच्च्यांवर बायका कपडे वाळत घालायला आल्या की थांबून बघायच्या. एकीनं विचारलं, "दीदी, पिकनिक चल रही है क्या?" मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार, नवऱ्यानं मला खडूच्या चौकटीत उभं केलंय?

तो काय करत होता? तो ड्रायव्हर होता. खडूच्या पुढच्या चौकटीत खुर्ची टाकून बसायचा आणि नोंदी घ्यायचा. भांडी घासताना मी पाणी जास्त वापरते, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. चार भांडी होती, लिटर सात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जरा डुलक्या घेत होता, तेव्हा मी वही उघडली. कारखान्यात असतो तसा तक्ता होता. अनुक्रमांक, बाब, निरीक्षण, शेरा. 'पाण्याचा अपव्यय. कारण: चालकाची सवय. सुधारणा शक्य.' कारखान्यात मशीन चालवणाऱ्याला चालक म्हणतात. इथे चालक म्हणजे मी. खाली खर्चाचं पान. विमान, गाडी, डिझेल, विमा, व्हिसा, सगळ्यांपुढे आकडे. 'जेवण' या ओळीपुढे किराण्याचे थोडे पैसे, आणि त्याखाली 'स्वयंपाक' ही एक ओळ, पुढे शून्य. नुसतं सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यानं शून्य काढलं होतं, गोल, नीट, दोन रेघांच्या बरोबर मधे.

मी शेगडी बंद केली आणि रेघेबाहेर जाऊन पाण्याच्या टाकीला टेकून बसले. तो जागा झाला.

"काय झालं? बाहेर काहून बसून राहिली?"

"मी स्वयंपाक करणार नाही. तिथेही नाही आणि इथेही नाही. पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"अगं, मग खायचं काय?"

"लोक खातात ते. दिवसातून एकदा बाहेर जेवू. बाकी ब्रेड खाईन मी."

त्यानं पेन्सिल घेतली. बारा दिवस, दोन माणसं. आकडा माझ्यासमोर धरला. मग मी माझी मागणी कमी कमी करत गेले, आणि याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते. मी म्हटलं, एक दिवसाआड. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, तीन वेळा. नाही. शेवटी मी म्हटलं, "एकदा. बारा दिवसांत एकदा, एका संध्याकाळी, टेबलावर बसून. कुणीतरी आणून वाढेल आणि मी खाईन. बाकी सगळं मी करते."

एक जेवण. चाळीस वर्षांच्या बदल्यात मी एक जेवण मागितलं, तेही माझ्याच फंडाच्या पैशातून.

त्यानं हिशोब केला. खरंच केला, टाळलं नाही. मग म्हणाला, "दोघांचे सहा हजार होतात. सहा हजारांत इथं महिन्याचा किराणा येते. तूच सांग, पटते का तुला?"

"मग मी येत नाही."

मला वाटलं होतं तो रागावेल, निदान समजूत काढेल. वही मिटून तो म्हणाला, "बरं." एवढंच. उठून त्यानं ताडपत्री सोडायला घेतली. मी घमेलं आणि शेगडी खाली नेली. खडू पावसाळ्यापर्यंत तसाच होता. मी पुसला नाही, त्यानंही नाही.

दोन आठवड्यांनी कळलं की तो त्याच्या मित्राबरोबर जातोय. हा मित्र पलीकडच्या गल्लीतला, त्याच कारखान्यातला, बायको वारल्यापासून एकटा. माणूस वाईट नाही. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा जेवतो आणि प्रत्येक वेळी 'भाभीजी, वाह' म्हणतो. त्यालाही खडूच्या गाडीत बसवलं का, असं मी विचारलं. नवरा म्हणाला, "त्याची काय गरज? तो कारखान्यातला माणूस आहे."

जायच्या आधी आठ दिवस तो स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला. मेतकूट, लसणाची चटणी, भाजलेला रवा. "इतकं तर करून दे. आम्हाला दोघांना काय येते?" मी करून दिलं. का दिलं ते मला विचारू नका. वहीत बघून त्यानं प्रत्येक पुडीवर नाव आणि वजन लिहिलं. तिकडे विमानतळावर खाण्याची फार तपासणी होते म्हणे. त्या तपासणीत सगळं जप्त व्हावं असं मला मनापासून वाटलं. झालं नाही.

बारा दिवस तो रोज फोन करायचा. मागे डोंगर, तळं, मेंढ्या. "जेवली का?" हे रोज विचारायचा. मी विचारलं, "तुम्ही?" की म्हणायचा, "झालं आमचं," आणि फोन पुन्हा डोंगराकडे वळवायचा. मूर्ख मी, मला काळजी वाटायची. दोघांपैकी कुणालाही फोडणी देता येत नाही, पोटाचे हाल होत असतील, रवा तरी भाजलेला आहे, नुसतं पाणी घालून होईल, असं मी स्वतःशीच म्हणायची. इकडे मी एकटीपुरती खिचडी लावायची आणि ताट मांडीवर घेऊन टीव्ही बघायची. ते दिवस वाईट गेले नाहीत, हेही खरं.

तो आला. अंगावर थोडं मांस चढलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी मी त्याची बॅग धुवायला काढली, तर तळाशी माझ्या सगळ्या पुड्या. मेतकूट, चटणी, रवा. एकीचाही दोरा सुटला नव्हता.

त्याच संध्याकाळी मित्र फोटो दाखवायला आला. पुढच्या खोलीत टीव्हीला मोबाइल जोडला. मी चहा देऊन बसले. चार फोटो डोंगराचे, आणि पाचवा ताटाचा. मोठी बशी, तळलेला मासा, बटाटे, लिंबाची फोड, मागे माझा नवरा, गळ्याला रुमाल खोचून हसतोय. मग आणखी एक बशी. मग सूप. मग चॉकलेटचा केक, त्यावर आइस्क्रीम. नवरा म्हणाला, "अरे, वो आगे वाले दिखाओ, झील वाले." पण मित्र रंगात आला होता.

"भाभीजी, क्या खाना था! यहाँ देखिए, ये दुकान नदी के किनारे थी, यहाँ तो हम दो बार गए."

मी विचारलं, "और किचन? गाड़ी में था ना?"

तो मोकळेपणानं हसला. "अरे भाभीजी, चूल्हा तो हमने एक बार भी नहीं जलाया. दो मर्द आदमी, कौन पकाता? गाड़ी लौटाई तो कंपनी वाली मैडम बोलीं, इतना साफ किचन किसी ने नहीं लौटाया."

म्हणजे रोज. बारा दिवस, सकाळ-संध्याकाळ. मी नवऱ्याकडे बघितलं. तो कपात बघत होता.

"मी एकदा मागितलं होतं," मी मराठीत म्हटलं. मित्राला समजू नये म्हणून नाही. मला हिंदी सुचलीच नाही.

"अगं, ते वेगळं," तो म्हणाला. तो चिडला नव्हता, ओशाळलाही नव्हता. समजावून सांगितल्यासारखा, अगदी मायेनं बोलला. "तू सोबत असल्यावर बाहेर काहून खायचं?"

मला त्यानं कधी मारलं असतं तर याच्याइतकं लागलं नसतं. कारण त्याला वाटत होतं की तो माझं कौतुक करतोय. माझ्या हाताला चव आहे, मी असले की घर असतं, असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द त्याच्या मनापासून होता. मी नसले की तो पाहुणा होतो, मी असले की सहा हजार वाचतात.

मित्रानं टीव्ही बंद केला. नवरा पाय पसरून म्हणाला, "चला, तिकडचं खाऊन खाऊन वीट आला. आज वरण-भात कर, आणि तुपाची फोडणी दे. हा पण जेवूनच जाईल."

मी उठले नाही. बोलायचं सगळं फेब्रुवारीतच संपलं होतं. साडेसात झाले, आठ झाले. मित्र दोनदा घड्याळाकडे बघून, "अच्छा, चलता हूँ भाभीजी," म्हणत गेला. नवरा एकदा स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं उघडून बघून आला आणि पुन्हा येऊन बसला. त्याला वाटत होतं, माझा राग उतरेल आणि कुकर लागेल. आजवर तसंच झालं होतं. भूक मलाही लागली होती. पण जेवायचं म्हणजे उठून करायचं मलाच होतं, म्हणून मी उपाशी झोपले.